दुसऱ्यांच्या घरचा धवला

ते गाणं मला माझ्या मुलीनेच ऐकवलं. तिच्या लग्नाला महिनाभर उरला होता. घणसोलीच्या फ्लॅटमध्ये आम्ही द्यायच्या साड्यांच्या घड्या घालत होतो आणि तिच्या फोनवर कुठला तरी नवा बँड लागला होता. आधी गिटारचा लांबलचक, घुमणारा सूर, मागे ढोलकी, आणि मग एक मुलगी चक्क धवला म्हणू लागली. माझ्या हातातली साडी तशीच राहिली.

धवला म्हणजे आम्हा आगऱ्यांचं लग्नातलं गाणं. देवांना, पूर्वजांना, नातलगांना नावं घेऊन मांडवात बोलावणारं. माझी आई तळवलीची धवलारीण. जन्मभर तिने लोकांच्या हळदी गायल्या. आता सगळीकडे डीजे असतो, तिला कुणी विचारत नाही.

"मम्मी, याला सायकेडेलिक फोक म्हणतात. हे जुन्या गाण्याचं कव्हर आहे," मुलगी म्हणाली. "हळदीला हेच लावू."

बँड मला आवडला, खोटं कशाला बोलू. ऑफिसला जाता-येता त्यांची बाकीची गाणीही मी ऐकून काढली. वाटलं, पोरीला धवल्याची गोडी लागलीये, तर आता हळदीला आजीलाच गायला बसवू. मला तेवढंच हवं होतं. त्याच आनंदात तळवलीला गेले आणि आईला गाणं ऐकवलं.

तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, "कोनाचे घरचा लगीन हाय ह्या?"

"कुणाचं नाही गं. बँडचं गाणं आहे."

"मंग हे मामा कोन? ही आत्या कोन?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. या पोरांनी कुठल्या तरी हळदीत ऐकलेला धवला जसाच्या तसा पाठ केला होता, त्या घरच्या नावांसकट. नावं प्रत्येक घरी बदलायची असतात, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. आणि धवलारणीची मुलगी मी, गिटार ऐकत बसले होते.

"दुसऱ्यांचे पूर्वज आपले मांडवान बोलवाचे?" आई म्हणाली.

आईला घरी आणून तिच्यासमोरच मुलीला हे सांगितलं तर ती हसली. "आजी, कोण एवढं ऐकतंय? व्हाइब बघ ना." मी चिडले, ती रडली, नवरा म्हणाला टेन्शन घेऊ नका. शेवटी तिनेच तोडगा काढला. गाणं बारीक आवाजात लावायचं आणि वरून आजीने आपली नावं घ्यायची. आई नातीपुढे कधीच नाही म्हणत नाही. मीही हो म्हटलं.

हळदीच्या दिवशी सोसायटीच्या हॉलमध्ये नवरीला पाटावर बसवलं. आईने पदर सारखा केला आणि सुरुवात केली. पहिलं नाव घेतलं तोवर गाणं पुढच्या ओळीवर गेलेलं. तिने ती ओळ गाठली. तेवढ्यात माझी जाऊ हळदीची वाटी घेऊन पुढे आली, गुडघे दुखतात म्हणून सावकाश वाकली. आई तिच्यासाठी थांबली. धवलारीण थांबतेच, हळद लावणारीचा हात फिरेपर्यंत तीच ओळ घोळवत राहते. गाणं कशाला थांबतंय? स्पीकरमधून त्या अनोळखी आत्याचं नाव आलं आणि माझ्या जावेचं नाव आईच्या तोंडातच राहिलं. असं आणखी दोन-तीनदा झालं. मग आईने गाणं सोडून दिलं आणि नुसती टाळी धरली.

माझं डोकंच फिरलं. बायकांच्या गर्दीतून वाट काढत डीजेपाशी गेले. तो म्हणाला, "ताई, दीदीने लिस्ट दिलीये, तिला विचारा." दीदी, म्हणजे आमची नवरी, पाटावरच तोंडाला हळद फासून फोटो काढत होती. "बंद कर," मी एवढ्या जोरात म्हणाले की आख्खा हॉल माझ्याकडे बघू लागला. त्याने बंद केलं.

मी आईपाशी आले. म्हटलं, "आता म्हण. पहिल्यापासून म्हण."

तिने पाटाकडे पाहिलं. बायका वाट्या खाली ठेवून हात पुसत होत्या.

"आता कशाला?" ती म्हणाली. "हलद लावून झाली."