शून्य टक्क्यांवरचे अडतीस किलोमीटर

इथले भुताखेतांचे धागे मी टाइमपास म्हणून वाचतो, आणि खाली खवचट प्रतिक्रिया टाकणाऱ्यांत माझं नाव जुनं आहे. तेव्हा हसायचं असेल तर खुशाल हसा. मी मोटर इन्शुरन्सचा सर्व्हेअर. ‘साहेब, गाडी आपोआप पुढे गेली’ असं सांगणारे मला रोज भेटतात आणि त्यांचे क्लेम फेटाळून मी शांतपणे जेवायला जातो.

आम्ही बंगळूरचेच, बसवनगुडीत कित्येक पिढ्या. गाडी इलेक्ट्रिक. ती मी विकत घेतलेली नाही, तेवढा तरी मान राखा... धाकट्या भावाने परदेशी जाताना गळ्यात मारली. “अण्णा, फ्यूचर आहे हे,” म्हणाला आणि विमानात बसला. फ्यूचर म्हणजे काय, तर कंपनीने कागदावर लिहिलेत त्याच्या निम्मे किलोमीटर चालणारा डबा. एसी लावला की आणखी कमी. ट्रॅफिकमध्ये अडकलं की रस्त्याकडे कमी आणि टक्क्यांकडे जास्त बघायचं. प्रत्येक चार्जरचं वेगळं ॲप, प्रत्येक ॲपचा वेगळा ओटीपी, आणि एवढं करून पोचलो की मशीन बंद, नाहीतर आपल्या आधी दोघं सीट पाडून झोपलेले. दहा वर्षांनी सगळे हेच चालवणार म्हणे. चालवतील. रांगेत उभं राहायची आपल्याला सवय आहेच.

तर गोष्ट मागच्या दसऱ्याची. आदल्या दिवशी खंडेनवमी, आणि इथे आयुधपूजा जोरात. आईने विळी, कात्री, मिक्सर, माझा लॅपटॉप, सगळ्यांना हळदकुंकू लावलं. गाडीपुढे कोहळा फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली. संध्याकाळी मी गाडी चार्जिंगला लावली. सकाळी बघतो तर अडतीस टक्के. चार्जरची वायर गुंडाळून देवापुढे ठेवलेली, वर झेंडूचं फूल.

“पूजेच्या दिवशी त्याला काम सांगायचं नसतं रे,” आई म्हणाली. “स्वल्प विसावा नको का?”

“गाडी उपाशी ठेवलीस तू, आई.”

“सरी, बरं, मग वाटेत घाल खायला. अक्का वाट बघत असेल.”

अक्का म्हणजे माझी मावशी. कनकपुरा रोडला हारोहळ्ळीच्या पुढे, आत शेतावर राहते. खुबा मोडून अंथरुणावर आहे, सोबतीला एक बाई. दसऱ्याला तिच्या हातात बन्नीची, म्हणजे शमीची, पानं ठेवायची हा आईचा नेम, त्यात बदल नाही. माझी बायको माहेरी हुबळीला गेलेली, म्हणून आम्ही दोघंच निघालो.

वाटेतला चार्जर ॲपवर हिरवा दिसत होता. प्रत्यक्षात त्याला हार घातलेला, समोर फुटका कोहळा, आणि मेन स्विच बंद. वॉचमन म्हणाला, “ओनर येऊन पूजा सोडवतील सर, मग ऑन.” कधी येतील? त्याने आकाशाकडे हात केला. मावशीकडे पोचलो तेव्हा सहा टक्के उरले होते, आणि तिथे सकाळपासून लाइट नव्हती.

गाडी थांबली की ओडोमीटरचा फोटो काढायची मला धंद्याची सवय आहे. तो काढला. ४१,२८६.

दुपारी जेवणं झाल्यावर आईला दरदरून घाम फुटला. डावा हात दुखतोय म्हणाली आणि भिंतीला टेकली. ॲम्ब्युलन्सवाले म्हणाले, एक तास तरी लागेल. कॅब एकही मिळेना. गावातला दवाखाना दसऱ्यामुळे बंद. हॉस्पिटल परत बंगळूरात, जयनगरला, अडतीस किलोमीटर. मी आईला मागच्या सीटवर आडवी केली. मावशी पलंगावरून रडत होती, तिला सोडून बाईला येता येईना. म्हटलं, हा डबा जाईल तिथवर जाऊ, मग रस्त्यात आडवा पडून कुणाची तरी गाडी थांबवू. मला खूप भीती वाटत होती, ते लपवत नाही.

मेन रोडला लागल्यावर थोड्या वेळात शून्य आलं. कासवाचा दिवा लागला. तो लागला की गाडी रांगते आणि मग बसते, हे मला पाठ आहे. पण ती रांगली नाही. बसलीही नाही. साठचा वेग होता, साठचाच राहिला. मी भावाला, कंपनीला, त्या ओनरला मोठ्याने शिव्या देत होतो. आरशात बघायची हिंमत होत नव्हती, कारण मागून काहीच आवाज येत नव्हता.

कॅज्युअल्टीच्या दारात स्ट्रेचर आलं, आई आत गेली, आणि गाडी मेली. दरवाजासुद्धा लॉक होईना. चार जणांनी ढकलून बाजूला लावली.

डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत, आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं.

पुढे गाडी चार्ज करून सुरू केली आणि सवयीने फोटो काढला. ४१,२८६. दोन्ही फोटो शेजारी ठेवून मी बराच वेळ बघत बसलो. सर्व्हिस सेंटरमधल्या मुलीने रेकॉर्ड काढलं. त्यानुसार गाडी त्या दुपारी मावशीच्या अंगणातून हललीच नव्हती. “सिंक इश्यू असेल सर,” ती म्हणाली. या लोकांचं ठरलेलं असतं. चाललं तर टेक्नॉलॉजी, नाही चाललं तर सिंक इश्यू. रोज खोटं पकडणारा मी, मला यातलं एकही खोटं सापडलं नाही.

पण हे सगळं मी पचवलं असतं. आईला घरी आणल्यावर एका दुपारी मी तिला पेज भरवत होतो, तेव्हा ती म्हणाली, “गाडीत मला वाटलं, संपलं आता. पण तू मागे माझ्याजवळ बसलास. हात सोडला नाहीस सगळी वाट. म्हणून धीर आला रे.”

मागे ती एकटी होती. माझे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.

“मग गाडी कोण चालवत होतं, आई?”

तिने आठवून बघितलं. “ते नाही बघितलं मी,” म्हणाली. “मी तुझ्याकडे बघत होते.”

मी पुढचा चमचा भरवला. तिला खरं काय ते अजून सांगितलेलं नाही, कारण खरं काय ते मलाच माहीत नाही.