बाईंच्या सोनेरी बटा

कोपऱ्यावरच्या दुकानातलं केस चमकवायचं सिरम लावलं की तीन आठवड्यांत टक्कल पडतं, ही कुजबुज गल्लीत कोणी सुरू केली हे कोणालाच ठाऊक नव्हतं. म्हणूनच ती सगळ्यांना खरी वाटत होती. "त्यात सिलिकॉन असतं म्हणे. म्हणजे प्लास्टिकच की! डोक्याला पिशवी बांधून फिरायचं." शाळेतल्या बाईंचे कमरेपर्यंतचे केस कानापर्यंत आले होते. आणखी पुरावा कशाला हवा?

दुकान होतं कात्रीवहिनीच्या नणंदेचं. वहिनी ती एकट्या नणंदेची, पण म्हणायची सगळी गल्ली. 'कात्री' हातातली की तोंडातली, यावर मात्र दोन तट होते. दुकानाच्याच जिन्याने वर गेलं की वहिनीचं पार्लर: दोन खुर्च्या, एक लांब आरसा आणि मान अवघडवणारं बेसिन. बावीस वर्षं तिथे केस कमी आणि बातम्या जास्त कापल्या गेल्या.

कुजबुज सुरू होण्याआधी एके दिवशी त्या शाळेतल्या बाईंना बहिणीच्या लग्नासाठी सोनेरी बटा हव्या होत्या. वहिनीने ब्लीच लावलं, बटा चांदीच्या कागदात गुंडाळल्या, गजर पंचवीस मिनिटांवर ठेवला. शेजारच्या खुर्चीतल्या गिऱ्हाइकाने नेमकी तेव्हाच घरमालकाच्या सुनेची गोष्ट काढली. सून बॅग भरून दारात उभी, सासूबाई आडव्या... आणि गजर वाजला. वहिनीने तो न बघताच बंद केला. खरं सांगा, तुमच्या-आमच्यातलं कोण उठलं असतं?

सून टॅक्सीत बसली तेव्हा वीस मिनिटं जास्त झाली होती.

केस धुताना वहिनीने एक ओली बट हळूच ओढली. चांगला केस ताणला की परत येतो. हा रबरासारखा लांबला आणि लांबच राहिला.  वहिनी खालून नणंदेकडचं सिरम घेऊन आली. दोन थेंब पुरतात, तिने दहा ओतले. केस असे झळकले की बाई आरशासमोरून हलेनात.

लग्न थाटात झालं. पुढे धुता धुता सिरम उतरलं आणि केस कंगव्यात येऊ लागले. बाई धावत आल्या.

"काय लावलं होतंस गं मला?"

"सिरम," वहिनी म्हणाली. "त्यात... सिलिकॉन असतं."

खोटा शब्द एकही नव्हता. उरलेलं गल्लीने जोडलं, आणि वहिनी गप्प राहिली. तीसुद्धा वहिनी!

तीन महिन्यांत खालच्या बाटल्यांवर धूळ बसली. नणंदेने स्वतःही सिरम सोडलं. रोज सकाळी वहिनी तिची वेणी घालायची, तेव्हा गुंता सुटता सुटत नसे.

"वहिनी, तू तर यातली. खरंच जातात का गं केस त्याने?"

"जास्त लावलं तर जड होतात," वहिनी गुंत्याशी बोलल्यासारखी पुटपुटायची.

"दहा वर्षं मी लोकांना हेच विकलं. कोणाकोणाचं वाटोळं केलं असेल?"

वहिनीच्या हातात कंगवा थांबायचा, पुन्हा चालू लागायचा. जेवण गोड लागेना. गिऱ्हाइकांनी नवी बातमी आणली तरी ती "हं" म्हणून सोडून द्यायची. तेव्हा तर लोकांना वाटलं, हिला डॉक्टरकडे न्यायला हवं.

एका शनिवारी बाई मानेवरचे केस नीट करून घ्यायला बसल्या होत्या. दोन्ही खुर्च्या भरलेल्या. नणंद जिना चढून आली आणि दारातच हात जोडून उभी राहिली.

"बाई, माफ करा. माझ्या बाटलीने तुमचं असं झालं. सोमवारपासून दुकान बंद करतेय."

आरशात वहिनीला दोघी एकदम दिसल्या. तिने कात्री खाली ठेवली.

"तिची बाटली नाही, बाई. ब्लीच. गजर वाजला होता, मीच उठले नाही."

बाईंनी आरशातूनच तिच्याकडे बघितलं. "म्हणजे सुनेची गोष्ट चालली होती तेव्हा?"

"हो."

"अगं, मीच तुला म्हटलं होतं ना, थांब, पुढचं ऐकू दे म्हणून!"

"तुम्ही गिऱ्हाईक. घड्याळ माझं होतं. आणि नंतर तोंड बंद ठेवलं, तेही मीच."

शेजारची खुर्ची हसायला निघाली होती, ती तशीच राहिली.  नणंद हलकेच म्हणाली, "तीन महिने मी स्वतःला खात होते, वहिनी. आणि तू रोज माझी वेणी घालत होतीस."

 नणंद खाली गेली. बाटल्या खोक्यांतून काढून फळीवर परत ठेवल्याचे आवाज वर ऐकू येत होते. दुसऱ्या दिवसापासून वेणी तिने स्वतःची स्वतःच घातली.

सिलिकॉन केसावर नुसतं बसतं. फार साचलं तर केस जड आणि चिकट होतात, नीट धुतलं की निघून जातं. मुळापर्यंत ते पोचत नाही. बाईंचे केस तुटले ते पंचवीस मिनिटांचं ब्लीच पंचेचाळीस मिनिटं ठेवल्यामुळे.