आईच्या गाडीची मागची सीट

आई गडहिंग्लजला गेली आणि दुसऱ्याच दिवशी मी तिच्या गाडीची मागची सीट उचकटून बाहेर काढली. ती घरात असताना हे शक्यच नव्हतं.

गाडी म्हणजे क्रीम रंगाची अँबॅसिडर. मी तिसरीत असताना आईनं ती जुनीच विकत घेतली होती. आई डॉक्टर. कागलच्या आसपासच्या खेड्यांत बाळंतपणं करायला ती या गाडीतून एकटी जायची, स्वतः चालवत. पदर खोचून चाक बदलताना मी तिला कितीदा पाहिलंय. गाडीला दुसऱ्या कुणी हात लावलेला तिला खपायचा नाही. वडिलांनी एकदा तिला न विचारता हॉर्न बदलून आणला, तर ती आठ दिवस त्यांच्याशी बोलली नाही. आता वडील नाहीत. आई त्र्याऐंशीची आहे. गाडी मी चालवते, पण रोज सकाळी शेडमध्ये जाऊन इंजिन चालू करून बघण्याचा मान अजून तिचाच.

मागच्या सीटमध्ये उंदरांनी घर केलं होतं. रेक्झीन फाटलं होतं, आतला काथ्या बाहेर आला होता आणि काचा वर केल्या की वास मारायचा. मी दोन-तीनदा विषय काढला. आई म्हणाली, "असू दे." आईच्या 'असू दे'वर आमच्या घरात अपील नसतं.

मग माझ्या धाकट्या बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तिच्यावर देखरेख करायला आई दोन महिन्यांसाठी गडहिंग्लजला गेली. मी बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरीच होते. मनात म्हटलं, आत्ता नाही तर कधीच नाही.

शाहूपुरीत एक कुशनवाले चाचा आहेत. जुन्या गाड्यांच्या सीटा करण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही, असं आमच्या मेकॅनिकनं सांगितलं होतं. सीट टेंपोत घालून त्यांच्याकडे गेले, तर चाचांचा उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. मोटारसायकलवरून पडले होते.

"दीड महिना तरी मशीनवर बसता येत न्हाय, ताई," ते म्हणाले. "दुसरं कोण बघा."

मी मेकॅनिकनं सांगितलेलं त्यांना ऐकवलं. त्यांना बरं वाटलं असावं, कारण ते उठले आणि डाव्या हातानं सीट दाबून पाहू लागले. स्प्रिंगा शाबूत आहेत म्हणाले. मग मला विचारलं, "शिलाई येती?"

"ब्लाउज शिवते. घरच्यांचे."

"मग तुमीच करा. हात मोडलाय माझा, तोंड न्हाय. मी सांगतो."

मला वाटलं चेष्टा करतायत. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले तेव्हा त्यांनी माझ्यासाठी एक स्टूल पुसून ठेवलं होतं.

पहिल्याच दिवशी मी त्यांची बोलणी खाल्ली. जुनं कव्हर काढा म्हणाले आणि चहा सांगायला बाहेर गेले. मी कात्री घेतली आणि कव्हर टराटरा कापून काढलं. कुजकंच तर होतं. चाचा परत आले आणि दारातच थांबले.

"हे काय केलंसा? शिलाई उसवायची हुती! जुनं कव्हर म्हंजे नकाशा. त्यावरनं नवं बेतायचं असतंय. तुमी नकाशाच फाडला की!"

पुढचे दोन दिवस मी दुकानाच्या फरशीवर चिंध्या जुळवत बसले. एकेक तुकडा ओल्या फडक्यानं पुसायचा, सपाट करायचा, कुठला कुणाला लागून होता ते टाक्यांच्या भोकांवरून ओळखायचं. चाचा स्टुलावरून बघायचे. "त्यो न्हाय. त्येच्या शेजारचा." सगळं जुळल्यावर आम्ही जाड पुठ्ठ्याचे फर्मे कापले आणि प्रत्येकावर खडूनं पुढची बाजू कुठली, वरची कुठली ते लिहिलं.

शिवणकाम येतं हा माझा गर्व चार दिवसांत उतरला. कापडात चूक झाली तर उसवून पुन्हा शिवता येतं. रेक्झीनमध्ये सुई गेली की भोक कायमचं. उसवलंत तरी ते दिसतच राहतं. त्यामुळे मशीनवर बसलं की घाबरून माझा पाय जोरात पडायचा. चाचा मागून ओरडायचे, "दमानं! गाडी पळून चालली न्हाय कुठं!" रद्दी तुकड्यांवर सरळ टीप मारायला मला आठवडा लागला. फुगीर पायपिंग, म्हणजे जोडाच्या कडेला धावणारी ती गोल दोरी, जमायला आणखी एक.

रोज संध्याकाळी आईचा व्हिडिओ कॉल यायचा. मी दुकानातच भिंतीला टेकून बसायची, म्हणजे मागचं काही दिसू नये. "शेडमध्ये गेलीस का? इंजिन चालू केलंस?" ती विचारायची. "केलं," मी म्हणायची. तेवढं खरं होतं.

खरा घोटाळा दारांच्या पट्ट्यांत झाला. मागच्या दारांच्या आतल्या बाजूलाही सीटच्याच कॉफी रंगाचं रेक्झीन लावायचं होतं. तो रंग मिळायला चार दुकानं फिरले होते आणि शेवटच्या दुकानातला शेवटचा ताका संपवून आले होते. डाव्या दाराचा फर्मा ठेवून मी एक पट्टी कापली. मग तोच फर्मा पुन्हा तसाच ठेवून दुसरी कापली. उलटा करायचा विसरले. दोन्ही पट्ट्या डाव्या दाराच्या निघाल्या. उजव्या दाराला लागणारी गोलाई भलत्याच टोकाला.

मी कात्री खाली ठेवली. डोळ्यांत पाणी आलं, छप्पन्नाव्या वर्षी, परक्या माणसाच्या दुकानात. चाचांनी चुकलेली पट्टी मांडीवर घेतली, उरलेले तुकडे डाव्या हातानं चाळले, त्यातला एक उचलून तिच्या कडेला धरला. बराच वेळ त्यांचं तेच चाललं होतं.

"ही मधनं कापा," शेवटी ते म्हणाले. "गोलाईचा भाग ह्या तुकड्यातनं काढा आणि जोडा. जोडावर पायपिंग घाला."

"पण जोड दिसणार की, चाचा."

"दिसू दे. आता ती बरोबरची पट्टीबी मधनं कापा आणि तशीच जोडा. एका दाराला जोड आसला तर चूक. दोनी दारांना आसला तर डिझाईन."

बरोबर असलेली पट्टी जिवावर येऊनच कापली. पण दोन्ही शेजारी ठेवल्या आणि मला हसूच फुटलं. मुद्दाम केल्यासारख्या दिसत होत्या. दारांना त्याच दुपारी बसवून टाकल्या.

आता फक्त सीटवर कव्हर चढवायचं राहिलं होतं. आईला यायला तीन आठवडे अवकाश होता. आणि त्या संध्याकाळी तिचा फोन आला. कोल्हापूरच्या बायकांच्या रीतीनं ती 'येतो, जातो'च म्हणते.

"मी उद्याच येतो गं. तुझी बहीण चालायला लागली. आता नुसती माझ्याशी भांडतीय."

मी चाचांना फोन केला. ते म्हणाले, "सीट आणि कव्हर घरी न्या. तुमच्या अंगणात ऊन हाय. सकाळी मी येतो."

सकाळी आम्ही कव्हर उन्हात पसरलं, कारण तापल्यावर रेक्झीन जरा सैल होतं. स्प्रिंगांवर गोणपाट, त्यावर नवा फोम, त्यावर प्लॅस्टिकचा पातळ कागद, म्हणजे कव्हर सरकत जातं. चढवलं, तर खालची कड सीटच्या सांगाड्याच्या तारेपर्यंत चार बोटं कमी पडली. मी ओढतेय, घामाघूम होतेय, कड काही येत नाही. तेव्हा चाचांनी चप्पल काढली, सीट पाटावर पालथी घालायला सांगितली आणि आपलं सगळं वजन घेऊन तिच्यावर रेलले. स्प्रिंगा दबल्या. "मारा रिंगा!" कव्हरची कड तारेला अडकवणाऱ्या लोखंडी रिंगा मी पकडीनं एकेक करून दाबत गेले. बोटं सोलली. तार नखाखाली गेली. शेवटची रिंग बसली तेव्हा साडेअकरा वाजले होते. सीट गाडीत सरकवली, टक् असा आवाज झाला, आणि फाटकाशी रिक्षा थांबली.

आई उतरली. अंगणात काथ्या, फोमचे तुकडे, हाताला प्लास्टर घातलेला अनोळखी माणूस आणि विस्कटलेली मी. ती सरळ गाडीकडे गेली आणि तिनं मागचं दार उघडलं.

मी जागची हलले नाही. हॉर्न आठवत होता. इथं तर मी अख्खी सीट बदलली होती.

तिनं चष्मा पुसला. पेशंटचं पोट दाबून बघावं तशी सीट चार ठिकाणी दाबून पाहिली. वाकून वास घेतला. दाराच्या जोडावरून बोट फिरवलं. मग तिच्या दवाखान्यातल्या आवाजात विचारलं, "टाके कुणी घातले?"

"मी," मी म्हटलं.

"तू?"

"त्यांनीच," चाचा म्हणाले. "मी नुसता वरडत हुतो."

आई पुन्हा वाकली. "अंतर सारखं नाही. हा इथं बघ, लांब पडलाय." मग थांबून, "ताण मात्र बरोबर दिलायस. कुठंही सुरकुती नाही." आणि ती आत जाऊन मागच्या सीटवर बसली. पाठ टेकली. मोठा श्वास सोडला.

"दोन वर्षं मला लाज वाटत होती कुणाला इथं बसवायची," ती म्हणाली. "बोललो असतो तर तू गाडी उचलून कुठल्यातरी गॅरेजात टाकली असतीस. त्यांनी भडक लाल काहीतरी बसवलं असतं. म्हणून गप्प बसलो."

मी तिथेच, अंगणातल्या पायरीवर बसले. इतके दिवस छातीत जे आवळून धरलं होतं ते सुटलं, आणि मी हसतेय की रडतेय ते मलाच कळेना. चाचा दुसरीकडे बघत अंगरख्यावरचा काथ्या झटकू लागले.

आईनं त्यांना आत बोलावलं, पोहे केले. ते खात असताना तिनं त्यांच्या प्लास्टरबाहेरची बोटं एकेक करून हलवून पाहिली. "सूज नाही. हलतायत छान. घाबरू नका, कात्री पुन्हा धराल." चाचांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. "खरंच, डॉक्टरबाई? मी कुणाला बोललो न्हाय, पर झोप न्हवती मला," ते म्हणाले, आणि मग उरलेले पोहे सगळे संपवले.

मग तिची नजर माझ्या हातांवर गेली. "हे काय? तारेनं लागलं? गंजलेली होती?"

"थोडी."

"धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलंस?"

मी हात मागे लपवले. तिनं पर्स उचलली आणि गाडीत जाऊन बसली, मागेच. तिच्या जुन्या विद्यार्थिनीचा दवाखाना दोन चौक पलीकडे होता. मी गाडी काढली. चाचा पुढे माझ्या शेजारी बसले, त्यांना वाटेत सोडायचं होतं. मागून आई सांगत होती, गिअर हळू टाक, डावीकडून घे, समोर म्हैस आहे. सोललेल्या बोटांनी स्टिअरिंग धरवत नव्हतं, आणि इंजेक्शनला मी लहानपणापासून भिते. तरी त्या दिवशी दंड पुढे करताना मला इतकं हलकं वाटत होतं, की सुई कधी टोचली ते कळलंसुद्धा नाही.