दोन भिंतींमधली सांद

अमळनेरला आमचं आणि आबांचं घर शेजारी शेजारी आहे. आबा म्हणजे माझ्या वडिलांचे मोठे भाऊ. वाटणीनंतर त्यांनी नवं घर बांधलं, तेव्हा आमच्या भिंतीला भिंत लावली नाही. मध्ये वीतभर सांद सोडली. उद्या कुणी 'माझी भिंत वापरतोस' असं म्हणू नये, म्हणून आमच्याकडे बरेच भाऊ असंच करतात.

त्या सांदीत गवंड्याला शिरता येत नाही. त्यामुळे आमची भिंत बाहेरून उघड्या विटांचीच राहिली. पाणी वरून आत पडतं आणि ओल माझ्या अभ्यासाच्या कोपऱ्यात उतरते. पलीकडे माझ्या चुलत बहिणीची खोली आहे. आम्ही एकाच वर्गात आहोत. घराण्यात कॉलेजला गेलेल्या पहिल्या आम्हीच. लोक दोघींचं एका दमात कौतुक करतात, ते मला आवडत नाही. तिला टेबल आहे, भिंतींना पिस्ता रंग आहे. मी पत्र्याच्या पेटीवर वही ठेवून लिहिते, आणि ओलीने फुगलेलं माझं अर्थशास्त्राचं पुस्तक नीट मिटतही नाही.

सांदीवर पत्रा टाकला असता तर पाणी थांबलं असतं. पण त्याची कड आबांच्या भिंतीत खाच पाडून बसवावी लागणार, म्हणजे त्यांना विचारावं लागणार. वडील विचारत नव्हते. परीक्षेआधी भिंत सुकवून देतो, एवढं मात्र त्यांनी मला कबूल केलं होतं. म्हणून यंदा त्यांनी सांदीची दोन्ही तोंडं विटा-सिमेंटने बंद केली. आबांच्या भिंतीला खिळाही न लावता ते जमत होतं. बाजूंनी शिरणारं पाणी तरी थांबेल, हे मलाही पटलं. घमेलं मीच उचलून दिलं.

पाऊस झाला आणि सांद हौदासारखी भरली. पूर्वी खालून निघून जाणारं पाणी आतच तुंबलं. माझी भिंत छातीएवढी काळी पडली. सकाळी कॉलेजला जाताना बहीण म्हणाली, "अगं, माझ्या टेबलामागे रंगाला फुगे आलेत."

मी "हो का?" म्हटलं. मला बरं वाटलं. दुपारपर्यंत वाटत राहिलं.

संध्याकाळी आबा आले. विटांवरून सांदीत वाकून बघत वडिलांना म्हणाले, "वरतून पानी ई ऱ्हायनं अन् तू खाले बांध घालस?"

"भाऊ, पत्रा टाकाले तुमनी भितले खाच पाडनी पडती."

"मंग पाड ना. मी काय भित कवटाळीसन बठेल शे? पोरगी सकायपाईन मांगे लागेल शे, काकाले सांगा, पत्रा टाका."

वडील हसले. मला हसू आलं नाही. जे मी दोन वर्षं मागत होते, ते बहिणीने सकाळपासून आबांच्या मागे लागून एका दिवसात मिळवलं. तेही माझ्या वडिलांकडून.

रविवारी दोघा भावांनी आबांच्या गच्चीवरून पत्रा बसवला, कड सिमेंटने भरली आणि खालच्या विटा काढून टाकल्या. पाणी थांबलं. पण भिंत सुकायला वेळ होता आणि परीक्षा जवळ आली होती. बहीण बोलवायला आली. "तोवर माझ्याकडे बस ना."

मी गेले. तिने टेबल ओल्या भिंतीपासून खिडकीशी ओढलं होतं आणि गादीची खुर्ची माझ्यासाठी ठेवली होती. मी नको म्हणून स्टुलावर बसले. मग त्या खुर्चीवर ती बसली, आणि तासभर माझं लक्ष त्या खुर्चीकडेच राहिलं; मी पुस्तकातलं एकही पान उलटलं नाही.