मुतलाच्या वळणावरचा हॉर्न

तौफीक मुकादमला चाकं असलेलं काहीही द्या, तो चालवून दाखवायचा. साखरप्याचा हा गडी मासळीचे ट्रक घेऊन आंबा घाट चढता चढता ड्रायव्हर झाला आणि कुवेतला आला तो पाण्याच्या टँकरवर. मग क्रेन झाली, शाळेची बस झाली, आणि शेवटी शुवैखच्या एका गॅरेजात दुरुस्त झालेल्या गाड्या फिरवून बघायचं काम मिळालं. गॅरेजचे मालक अबू नासेर म्हणजे शर्यतींचं वेड लागलेला माणूस. त्यांनी तौफीकला सुट्टीच्या दिवशी वाळूतल्या बग्गीत बसवलं, सरळ पट्टीवरच्या शर्यतीत पळवलं, गो-कार्टमध्येसुद्धा कोंबलं. सगळीकडे तो पहिल्या तिघांत. चषक जायचा अबू नासेरांच्या दिवाणखान्यात आणि तौफीकला मिळायची पाठीवर थाप. त्याची काही तक्रार नव्हती. त्याची बायको नूरबानू मात्र फटकळ, तिने ती मालकांच्या तोंडावर करून टाकली होती.

यंदाच्या हिवाळ्यात जहराच्या पलीकडे, मुतलाच्या चढावर डोंगरचढाईची शर्यत ठरली. एका हौशी क्लबाने तिथला अरुंद रस्ता दिवसभर बंद करून घेतला. एका वेळी एकच गाडी, खालून वर, सामना घड्याळाशी. दोन फेऱ्या, त्यातली चांगली असेल ती धरायची. जिंकणाऱ्याला क्लब बहारीनच्या मोठ्या शर्यतीला पाठवणार होता, आणि तेही मालकाच्या नाही, त्याच्या स्वतःच्या नावावर. तौफीकला हे हवं होतं. या वयात एखादी गोष्ट इतकी हवीशी वाटावी याची त्याला थोडी लाजही वाटत होती.

पहिल्या फेरीत तो झकास निघाला. माथ्याच्या जरा अलीकडे कातळाआड एक वळण होतं, पलीकडचं काही दिसत नव्हतं. तिथे पोचताच त्याचा अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय आपसूक उचलला गेला आणि तळहाताने हॉर्न दाबला. दोनदा, लांबलचक, घाटात देतात तसा. बंद रस्त्यावर, शर्यतीच्या गाडीतून! वर जमलेली मंडळी पोट धरधरून हसली.

"हॉर्न क्यूं, हबीबी?" अबू नासेरांनी विचारलं. "रोड बंद है. सामने से कौन आता?"

वळण आलं की पाय काढायचा, हॉर्न द्यायचा, हे तौफीकच्या अंगात मुरलेलं होतं.

दुसऱ्या फेरीआधी तो डोळे मिटून गाडीत बसला आणि तेच वळण मनातल्या मनात घेत राहिला, पाय दाबलेला ठेवून. मग निघाला. कातळ समोर आला तसे त्याने दात आवळले आणि पाय खाली दाबूनच ठेवला. पलीकडे मोकळा रस्ता होता. तो जिंकला. "पपा, यू वर इन्सेन!" म्हणत त्याची मुलगी हिबा धावत आली. तौफीक मनापासून खूश झाला.

संध्याकाळी तौफीक, नूरबानू आणि हिबा आपल्या जुन्या गाडीतून घरी निघाली. अर्दियाच्या गोदामांच्या गल्लीत, भिंतीआडच्या वळणावर, तौफीकने पाय काढला नाही. हॉर्नही दिला नाही. नूरबानू किंचाळली. ब्रेक लागले तेव्हा हातगाडी ढकलणारा एक माणूस बॉनेटला हात टेकून उभा होता. तो हातगाडी घेऊन निघून गेला.

"अवो," नूरबानू हळूच म्हणाली, "तुमचा हॉर्न कुठं गेला?"

दुसऱ्या दिवशी गॅरेजात त्याने बहारीनला जाणार नाही असं सांगून टाकलं. अबू नासेर आधी हसले, मग चिडले.

"डर गया?"

"हां," तौफीक म्हणाला.

"अरे, उधर ट्रॅक है. सामने से कोई नहीं आता!"

"मालूम है." बहारीन त्याला अजूनही हवं होतं. "लेकिन वापस तो इधरच आने का है ना."