चाकाला लावलेला कान

शुद्धलेखनाच्या चुका असतील, अक्षरही वेडंवाकडं आहे, त्याची आधीच माफी मागते. माझी शाळा चौथीपर्यंतच झाली आणि हे मी कोणाला दाखवण्यासाठी लिहीत नाही. पण आज अबुधाबीतल्या मुसफ्फाच्या रस्त्यावर तापलेल्या लोखंडाचा आणि ग्रीसचा वास आला, आणि ती कॅरव्हॅन, गाडीमागे ओढायचं ते चाकांवरचं घर, समोर उभीच राहिली... सायीच्या रंगाची, अंड्यासारखी गोल, निळ्या पडद्यांची, अल ऐनच्या कुठल्याशा खजुराच्या बागेत वर्षानुवर्षं उभी राहून वाळूने भरलेली.

अब्बा इथेच एका गॅरेजमध्ये ट्रकांचे ब्रेक दुरुस्त करायचे. ती जुनी कॅरव्हॅन त्यांनी दुरुस्त करून विकायला उसन्या पैशांवर घेतली होती. पाच हजार दिरहम दिले होते माझ्या खालूंनी, म्हणजे मावशीच्या यजमानांनी. खालू तिकडे शारजाला, हमरियात नोकरीला होते, शुक्रवारी यायचे आणि तिच्याभोवती एक फेरी मारून म्हणायचे, "दाऊद, पाच हजार म्हणजे साठ हजार रुपये झाले. गावी एवढ्यात दोन म्हशी आल्या असत्या. त्या दूध तरी देतात!" थंडीपर्यंत ती विकली गेली नाही, तर आमच्या व्हिशासाठी ठेवलेले पैसे खालूंना द्यायचे आणि अम्मीने मला घेऊन रायगडातल्या गावी परतायचं, असं ठरलं होतं. मला हे ठाऊक होतं. पण त्या दिवसांत भीतीपेक्षा आनंदच जास्त होता. केवढा आनंद! दार उघडलं की जुन्या लाकडाचा आणि वाळल्या खजुरांचा वास अंगावर यायचा, फळी ओढली की पलंग व्हायचा, झाकण उचललं की चूल निघायची... अम्मी तिथे चहा गाळायची आणि राणीसारखी पडदा सारून बाहेर बघायची.

चाकं काढली तेव्हा आतून ओंजळभर वाळू गळली. ब्रेकच्या लायनर, म्हणजे चाकाच्या ड्रमला आतून घासणाऱ्या पट्ट्या, वाळून बिस्किटासारख्या तुकड्या-तुकड्यांनी सुटत होत्या. अब्बांनी नव्या बसवल्या, तारा बदलल्या, आणि मग आलं माझं काम. वर्षानुवर्षांच्या ठोकाठोकीने अब्बांचे कान मंद झाले होते, त्यामुळे लायनर आतल्या आत घासते की नाही हे त्यांना ऐकू येत नसे. ते पान्याने जराजरा आवळत, मी जॅकवर उचललेलं चाक हाताने फिरवत कान लावून बसे. आधी नुसती सळसळ... मग लांबून कोणी केर काढावा तसा एक बारीक आवाज...

"घासतंय," मी म्हणायचे.

"काय?"

"घासतंय, अब्बा!"

"मोठ्याने बोल गं! ट्रकाचा भोंगा नाही, निदान बकरीएवढा तरी आवाज काढ."

पाहुणा आला तरी दाराआड लपणारी मी, त्या चाकापाशी ओरडायला शिकले.

पुढे ओढताना सगळं झकास होतं. गॅरेजच्या पिकअपने ब्रेक मारला की कॅरव्हॅन मागून रेटायची, पिकअपला जोडलेली तिची दांडी आत सरकायची आणि त्या रेट्यानेच तिचे ब्रेक लागायचे. पण मागे घेताना चाकं ठप्प! खालूंना हसू आवरेना. "हबीबी, म्हशीसुद्धा मागे सरकतात!" अब्बांनी दोन्ही ड्रम पुन्हा खोलले, चूक सापडेना. आणि इकडे अम्मी, रंग देण्याआधी, सुरीने दांडीवरचे जुने रंगाचे थर खरवडत होती. त्या थरांखाली बोटाएवढी एक खिटी निघाली. ती उचलून ठेवली की दांडी आत सरकायचीच नाही, म्हणजे मागे घेताना ब्रेक लागायचे नाहीत. आणि पुढे ओढलं की ती आपोआप पडायची. अब्बा कपाळावर हात मारून हसत सुटले. ट्रकांना असली खिटी असते कुठे!

मग एका सकाळी गिऱ्हाईक आलं, अल ऐनचे एक वयस्कर अरब. त्यांना ती थंडीत वाळूवर न्यायची होती. हिंदीत म्हणाले, "पहले ब्रेक देखूँगा. उतार पर." कॅरव्हॅन त्यांच्या जीपला जोडली, मागे घेत गोदामाच्या उतारावर चढवली, आणि आता खाली आणायची होती. खाली आम्ही सगळे उभे. जीप हलली, दांडी ताणली गेली... आणि मला दिसलं, खिटी पडलीच नव्हती. उचललेलीच होती. म्हणजे ब्रेक लागणारच नव्हते!

अब्बा दुसऱ्या बाजूला होते. एवढी परकी माणसं... आणि मग कुठून आला कोण जाणे, एवढा मोठा आवाज आला की गोदामातले कामगार बाहेर धावले. "थांबा! अब्बा, खिटी! खिटी पडली नाही!"

जीप जागीच थांबली. अब्बांनी खिटीत तेल सोडलं, चार-पाच वेळा वरखाली केली, तेव्हा ती टक्कन पडली. "यल्ला, चलो," म्हातारबाबा म्हणाले. जीप उतरली, मध्येच करकचून थांबली, आणि मागची कॅरव्हॅन हातभर रेटा देऊन, धापा टाकणाऱ्या जनावरासारखा सुस्कारा सोडून, तिच्यामागे निमूट उभी राहिली. अम्मीने माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगड्या रुतल्या.

म्हातारबाबांनी अब्बांच्या हातात नोटा मोजून दिल्या, आणि तिसऱ्या प्रहरी ती गेली. निळे पडदे हलत हलत मोठ्या रस्त्याला लागले, आणि तिच्या जागी जमिनीवर सावलीच्या आकाराची ओली, धुतलेली जागा तेवढी उरली... आता अब्बा नाहीत, ते गॅरेजही नाही. माझ्या मुलांना हे सांगितलं की "ओके, मम्मी," म्हणतात आणि फोनकडे वळतात.

त्या शुक्रवारी खालू आले. अब्बांनी नोटा त्यांच्यापुढे ठेवल्या. खालूंनी त्या एकदा मोजल्या, थुंकी लावून पुन्हा मोजल्या, खिशात घातल्या, आणि अम्मीकडे बघून म्हणाले, "खलास. पुरे पाच हजार पोचले. आता तुम्ही दोघी इथेच."