डोक्यावरून घ्यायचं काळं कापड

शेजारचे नाना आपल्या वडिलांचा मोठा लाकडी कॅमेरा पूर्वीसारखा करायला बसले होते. पितळी स्क्रू, भिंगावरचं चामड्याचं झाकण, सगळं त्या काळचंच त्यांनी हुडकून आणलं. राहिलं होतं ते फोटो घेताना डोक्यावरून घ्यायचं काळं कापड. मी हौसेनं नवंकोरं नेऊन दिलं, तर वैतागले. "हे चमकतंय हो. त्या काळचं नाही."

तेवढ्यात काकू आतून काळी, लाल काठांची चंद्रकळा घेऊन आल्या. "सासूबाईंची, पहिल्या संक्रांतीची. घ्या, त्या काळचीच आहे."

"आईची? मी नाही कापायचो."

"कापायला कोण सांगतंय? दुहेरी करून घ्या डोक्यावर."

नाना त्या काळोखात शिरले. मला वाटलं, पितळ, चामडं जुन्या बाजारात मिळून जातं. काळोख मात्र ज्याचा त्यानं घरातूनच काढायचा असतो. आत डांबरगोळ्यांचा वास असेल. समोरच्या काचेवर काकू उलट्या, इवल्याशा दिसत असतील. आणि कानांवर आईचं लुगडं.

"हलू नकोस," आतून आवाज आला.

काकूंनी पदर सारखा केला आणि श्वास रोखून उभ्या राहिल्या. नाना बराच वेळ बाहेर आले नाहीत. कॅमेऱ्यात फोटो ज्यावर उमटतो ती काच घातलेलीच नव्हती, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

तरी काकू हलल्या नाहीत.